चालत पोचता येईल एवढं गाव

साताऱ्यात पत्ता विचारला की जुनी माणसं अजूनही किलोमीटर सांगत नाहीत. "राजवाड्यावरून चालत पाच मिनिटं," "पोवई नाक्यावर उतरा, तिथून दहा मिनिटं," असंच सांगतात. हे शहर पायांच्या हिशेबानेच वसलं. थोरल्या शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा बसवल्या. छत्रपतींच्या काळात यवतेश्वराच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांनी उतारावर खेळवून पेठांमधल्या हौदांत सोडलं गेलं. कमानी हौद, पंचपाळे हौद ही नावं आजही पत्त्यात येतात. पाणी, बाजार, देऊळ, शाळा सगळं घरातून निघून चालत गाठता यावं, असा तो बेत होता.

अर्थात तो सगळ्यांसाठी नव्हता, हेही इथेच सांगायला हवं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, राजवाड्यात भरणाऱ्या इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वडील नोकरीसाठी खटाव तालुक्यात, आई साताऱ्यातच वारलेली, मुलं इथे आत्याच्या आधाराने शिकत होती. पुढच्याच वर्षी ही मुलं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने जाताना जात कळल्यावर त्यांना वाटेत कुणी प्यायला पाणी दिलं नाही. ज्या गावात पाणी पेठापेठांत आणून ठेवलं होतं, त्याच मुलखातली ही गोष्ट. कोणतं गाव चालत पोचण्याएवढं आहे हे विचारताना कोण चालत होतं, हेही विचारावं लागतं.

ते गाव सगळ्या पोरांना खुलं करण्याचं काम कर्मवीर भाऊराव पाटलांनी केलं. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळ काले गावात निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आली. त्याच वर्षी सुरू झालेल्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात प्रत्येक शाळेत सांगितली जाते. मला त्या गोष्टीतला त्याग जितका मोठा वाटतो तितकीच भाऊरावांची समजही मोठी वाटते. शिकवायला मास्तर मिळतील, पुस्तकंही मिळतील. माण-खटावच्या पोराला अडतं ते रात्री कुठे झोपायचं आणि काय खायचं इथे. हे ओळखून त्यांनी आधी बोर्डिंग काढलं. कॉलेज त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९४७ मध्ये निघालं. छत्रपती शिवाजी कॉलेजात पोरं 'कमवा आणि शिका' म्हणत माती उपसायची, बागा करायची आणि शिकायची. स्वावलंबन हे ब्रीद आणि वडाचं झाड ही खूण ती पोरं अंगावर वागवत होती.

मीही खटाव तालुक्यातलीच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बारावी झाले. गावात पुढे काही नव्हतं, आणि वडिलांचा वसतिगृहाला ठाम नकार होता. आत्या व्यंकटपुरा पेठेत राहायची म्हणून मला सातारा मिळालं. कॉलेज पोवई नाक्याच्याही पलीकडे. म्हणजे गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, रोज पाऊण तास जायचं आणि पाऊण तास यायचं. जाताना उतार, येताना चढ. मोती चौकात कंदी पेढ्यांच्या खव्याचा वास नाकात भरायचा, पण खिशात पैसे नसायचे. पावसाळ्यात यवतेश्वराकडून असा वारा सुटायचा की छत्री उलटी व्हायची. मग ती मिटून काखेत धरायची आणि ओढणी डोक्यावर घेऊन चालायचं.

आज मागे वळून बघते तेव्हा त्या चालण्याने मला काय दिलं हे स्पष्ट दिसतं. सायकल घ्यायची तर वडिलांना विचारावं लागलं असतं. रिक्षाला पैसे मागावे लागले असते. सिनेमाला जायचं तर आतेभाऊ बरोबर हवा. चालायला मात्र कुणाला विचारावं लागत नसे. मी वाटेत वाचनालयात थांबायचे, मैत्रिणीच्या खोलीवर जायचे, एखाद्या व्याख्यानाला मागच्या रांगेत उभी राहायचे, आणि तरी दिवेलागणीला घरात असायचे. कुणाच्या गाडीवर बसले नाही, कुणाच्या वेळेवर अवलंबून राहिले नाही. बाईच्या जातीला एवढी मोकळीक त्या काळात दुसऱ्या कशानेही मिळाली नसती. सातारा लहान होतं म्हणून ती मिळाली. त्या अंगणाएवढ्या गावात मला एक अख्खं जग मिळालं.

पुढे इथेच नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं. घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही शिकणाऱ्या मुलींना भाड्याने देतो. त्यामुळे कॉलेजचं हे गाव बदलताना मी नुसतं बघत नाही, ते बदल माझ्या जिन्यावरून चढतात-उतरतात.

सगळ्यात मोठा बदल कुणी फारसा बोलत नाही असा आहे. तो वाड्यांचा. पूर्वी पेठांमधल्या जवळजवळ प्रत्येक वाड्यात विद्यार्थी असायचे. मालक वरच्या माडीवर, आणि खाली चौकाभोवतीच्या अंधाऱ्या खोल्यांत पोरं 'खोली करून' राहायची. एका खोलीत तिघे-चौघे, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, नळ आणि संडास सामाईक. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, पुस्तकांना बुरशी धरायची. फार सुखाचं नव्हतं ते. पण भाडं ऊस किंवा बटाटा विकून देता येईल एवढं होतं, आणि मालकीणबाई परीक्षेच्या दिवसांत चहा पाठवायच्या. कुणी आजारी पडलं तर गावी निरोप जायचा.

हे वाडे आता एकेक करून पडताहेत. वारस वाढले, लाकूड कुजलं, कौलं शाकारायला माणूस मिळेना, तेव्हा बिल्डरला द्यायचा आणि प्रत्येक भावाला एकेक फ्लॅट घ्यायचा. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या नात्यातही हेच झालं. पण नव्या इमारतीचा तळमजला एकदा नीट बघा. जिथे पोरांच्या खोल्या होत्या तिथे पार्किंग असतं. वर वन बीएचके आणि टू बीएचके. सोसायटीचा पहिला नियम, विद्यार्थ्यांना फ्लॅट द्यायचा नाही. म्हणजे बारा-पंधरा पोरांची झोपायची जागा गेली आणि तिथे गाड्या झोपायला लागल्या. एका इमारतीने काही बिघडत नाही. पण पेठेमागून पेठ अशी बदलत गेली की कॉलेजच्या पोरांना गावातून हळूच बाहेर ढकलल्यासारखं होतं, आणि तसा निर्णय कुणीच घेतलेला नसतो.

मग पोरं जातात कुठे? शाहूपुरी, विलासपूर, गोडोलीच्या पुढे, खिंडवाडीकडे. २०२० साली नगरपालिकेची हद्द वाढली आणि यातले बरेच भाग शहरात आले. तिथे आता 'कॉट बेसिस' असतो. भाडं खोलीचं नाही, खाटेचं. डिपॉझिट वेगळं, मेस वेगळी, गरम पाणी वेगळं. आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजंही सरकली. इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटची नवी खाजगी कॉलेजं वाढे, वर्ये, लिंब अशी हायवेच्या कडेकडेने उभी राहिली, कारण मोठी जागा तिथेच मिळते. राहायला दक्षिणेला, शिकायला उत्तरेला, क्लास पोवई नाक्यावर. मधलं अंतर कापायला कॉलेजची बस, रिक्षा, वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप, नाहीतर सेकंडहँड गाडी. गाडी घेण्यासाठी बापाने गावच्या सोसायटीतून कर्ज काढलेली घरं मला माहीत आहेत.

आमच्या वरच्या खोलीतली मुलगी मूळची वडूजकडची. घरी आलं आणि बटाट्याची शेती. हायवेवरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. सरकारने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांमधल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. त्याआधी वर्षभर, मार्च २०२३ पासून, एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. हे दोन्ही निर्णय मला मनापासून मोलाचे वाटतात. यांच्यामुळे कितीतरी घरांत 'पोरीला कशाला एवढं' हे वाक्य मागे पडलं. पण फी माफ होते, खाट माफ होत नाही. तिच्या वडिलांनी मला फोनवर आधी खोलीचं भाडं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "ताई, कॉलेजातून यायला अंधार होतो का?"

होतो. प्रॅक्टिकल लांबलं की कॉलेजची बस चुकते. वाढे फाट्यापासून गावात यायला रिक्षा मिळते, पण एकट्या मुलीसाठी थांबायला तयार नसते. सर्व्हिस रोडच्या कडेने चालावं म्हटलं तर फुटपाथ सलग नाही, मध्येच गॅरेजच्या गाड्या, मध्येच मातीचा ढीग, आणि शेजारून कंटेनर सुसाट. मग ती मैत्रिणीच्या भावाला फोन करते. तो गाडी घेऊन येतो, चांगला मुलगा आहे, पण ती येऊन जिना चढताना माझ्याकडे बघत नाही. माझ्या वेळी वडील परवानगी देत नव्हते तरी मी कुणाच्याही उपकाराशिवाय गावभर फिरत होते. हिचे वडील हिला सगळं द्यायला तयार आहेत आणि तरी हिला घरी पोचायला कुणाला तरी विनवावं लागतं. पस्तीस वर्षांत आम्ही एवढे रस्ते बांधले, ते हिच्या पायांपर्यंत पोचले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तिचा डबा मात्र अजून एसटीने येतो, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. सकाळी स्टँडवर जाऊन पाहा. वडूज, दहिवडी, मेढा, कोरेगावकडून पहिल्या गाड्या आल्या की ड्रायव्हरच्या केबिनच्या मागे पिशव्यांचा ढीग असतो. जुन्या पँटच्या कापडाच्या, सिमेंटच्या पोत्याच्या, साडीच्या काठाच्या शिवलेल्या पिशव्या. वरून काळ्या पेनाने किंवा ऑइलपेंटने पोराचं नाव आणि गाव. आत तीन-चार पुडांचा डबा. खाली भाजी, मधे भाकरी किंवा चपात्या, वर चटणी नाहीतर शेंगदाण्याचा कूट. भाकऱ्या फडक्यात अशा घट्ट गुंडाळतात की दीड-दोन तासांच्या प्रवासानंतरही घडी मोडत नाही. पोरं कालचा रिकामा डबा त्याच गाडीत ठेवतात. पूर्वी कधी रिकाम्या डब्यात औषधाची चिठ्ठी असायची, कधी निकालाची झेरॉक्स. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, चिठ्ठ्या नाहीत. पण आमच्या वरच्या मुलीची आई आजही भाकरीच्या फडक्याच्या टोकाला दहा-वीस रुपये गाठ मारून बांधते. ऑनलाइन पाठवता येतात हे तिला माहीत आहे. तरी बांधते.

हा डबा आणायला ती सकाळी चालत जाते, कारण माझं घर स्टँडपासून चालण्याच्या अंतरावर आहे. विलासपूरकडे राहणाऱ्या तिच्या मैत्रिणींनी डबा बंद केला. रिक्षाला रोज जाऊन-येऊन जेवढे पैसे जातात त्यात मेस लागते. मेसचं जेवण बरं असतं, वाईट म्हणणार नाही. पण त्या घराशी रोजचा जो धागा होता तो तिथे तुटला.

हे वाचून कुणाला वाटेल की मला नवं काहीच नको. तसं मुळीच नाही. माझ्या काळी निकालात घोळ झाला की कोल्हापूर गाठावं लागायचं, कारण आमची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाची. दिवस जायचा, तिकिटाचे पैसे जायचे, आणि खिडकीवर उद्या या म्हणायचे. २०२१ मध्ये रयतच्या साताऱ्यातल्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. त्याच सुमारास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यातलं हुशार पोर डॉक्टर व्हायला आता जिल्ह्यातच राहू शकतं. पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटरही २०२१ चाच. तो होण्याआधी तिथे संध्याकाळी जी कोंडी व्हायची ती ज्याने सोसली त्यालाच माहीत. गाड्यांचा त्रास खरोखर कमी झाला. फक्त ते काम चाललं होतं तेव्हापासून मला एक गोष्ट सतत जाणवते. गाडीला जमिनीखालून सरळ वाट करून दिली, पण चालणारा वर अजून चारी बाजूंना मान वळवत उभा आहे. क्लास सुटल्यावर तिथे शंभर-दीडशे मुलं एकदम रस्ता ओलांडतात. त्यांच्यासाठी वेगळा विचार व्हायला हवा होता, आणि अजूनही होऊ शकतो.

मोठे प्रकल्प डोळ्यांत भरतात. कास रस्त्यावर हॉटेलं आणि रिसॉर्ट वाढताहेत, पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेल्यापासून पर्यटकांची रीघ आहे. पहाटे यवतेश्वर घाटात पोलीस भरतीची पोरं पळायची, तिथे आता मॅरेथॉनचा सराव करणारेही असतात, आणि शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग. त्या पोरांनी आता रस्त्याची कडा धरून पळायचं.

पुणं हा तर वेगळाच विषय. ते एकशे दहा किलोमीटरवर आहे आणि रस्ता रुंद होत गेला तसं ते आणखी जवळ आलं. रविवारी संध्याकाळी स्वारगेटच्या विनाथांबा गाडीची रांग बघितली की मन भरून येतं. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात आईने दिलेली पिशवी. सगळे इथलेच शिकलेले. साताऱ्याने यांना वाढवलं आणि पुण्याने कामाला लावलं. एमआयडीसीत त्यांना पुरेल एवढं काम उभं राहिलं नाही, ही खंत इथला प्रत्येक जण बोलून दाखवतो, आणि ती खरीच आहे. पण त्या रांगेकडे बघताना मला दुसरंही दिसतं. यातला प्रत्येक जण कधीतरी खेड्यातून इथे येऊन कुणाच्या तरी खोलीत राहिला आहे. आधी इथे टेकायला जागा मिळाली, म्हणून पुढे पुणं मिळालं. ती पहिली पायरीच महाग झाली तर रांगेत उभं राहणारी पुढची पोरं कोणती असतील? ज्यांच्या बापाकडे डिपॉझिट आहे तीच.

म्हणून शहराच्या विकासाची चर्चा निघाली की माझं मागणं लहान असतं आणि मी ते परत परत मांडते. स्टँडच्या आसपास, चालत जाता येईल अशा जागी, मुलींसाठी आणि मुलांसाठी सार्वजनिक वसतिगृहं हवीत. वाढे फाट्यापासून गावात येणारा सलग, दिव्यांचा फुटपाथ हवा. संध्याकाळी सात ते नऊ शहर बसच्या फेऱ्या कॉलेजांच्या वेळा बघून लावाव्यात. आणि जो मालक जुना वाडा पाडताना खालचा मजला विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी ठेवेल, त्याला घरपट्टीत घसघशीत सवलत द्यावी. शेवटच्या मागणीवर लोक हसतात. मला ती सगळ्यात व्यवहाराची वाटते. वसतिगृह बांधायला दहा वर्षं लागतील, वाडे तर यंदाच पडताहेत.

आमच्याच गल्लीत एक उभा आहे. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा पुण्याला. बिल्डरशी बोलणी बरीच पुढे गेली आहेत. मी मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "काकू, सगळाच फ्लॅट-पार्किंग करताय की खाली काही खोल्या ठेवता येतील?" त्या बराच वेळ चौकातल्या तुळशीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "या चौकात राहिलेला एक जण आता मामलेदार आहे, दिवाळीला फोन करतो. पण हिशेब बसायला हवा बाई. मुलगा येऊ दे, मग बोलू." तो या रविवारी येतोय. मी हिशेब करून ठेवला आहे. खाली सहा खोल्या, प्रत्येकीत दोघी, दोन संडास, एक सामाईक स्वयंपाकघर, आणि गाड्यांसाठी मागची परसबाग. भाडं कॉट बेसिसपेक्षा कमी धरूनही बांधकामाचा खर्च किती वर्षांत निघतो ते कागदावर मांडलं आहे. आमच्या वरच्या मुलीने तो आराखडा कॉलेजच्या लॅपटॉपवर काढून दिला, मापांसकट. तिने संडास दोनऐवजी तीन केले आहेत. म्हणाली, "काकू, सकाळी सगळ्यांना एकदमच निघायचं असतं."